राखणीचं कुत्रं आणि मालक



आज आपण मनाविषयी बोलू. एखादा माणूस बोलता बोलता भडकतो आणि घटकाभरानं पस्तावतो. एखादी बाई एकाएकी घाबरते, रडू लागते. कुणी म्हणतं, "स्वभावच तसा." कुणी म्हणतं, "भानामती झाली." आम्ही म्हणतो, थांबा. आधी डोक्यात काय घडतं ते पाहू.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामासारखा एकेक लहान भाग असतो. धोका वाटला की तो इशारा देतो. लगेच छाती धडधडते, घाम सुटतो. कपाळामागं मेंदूचा दुसरा भाग आहे. तो विचार करतो. पण त्याला थोडा वेळ लागतो.

खळ्यावर राखणीचं कुत्रं असतं ना? चाहूल लागली की ते आधी भुंकतं. मालक मागून येतो. माणूस ओळखीचा दिसला, तर कुत्र्याला गप्प करतो. मेंदूचंही तसंच आहे.

पण मोठा धक्का बसला तर? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारी भागात भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. गावं झोपेत होती. सुमारे १०,००० माणसं दगावली. जी वाचली, त्यांतल्या कित्येकांना घरात निजायची भीती वाटू लागली. डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा पुष्कळांना मनाचा आजार जडलेला आढळला. ती माणसं भित्री नव्हती. त्यांचं राखणीचं कुत्रं पान हललं तरी भुंकत होतं.

नापिकी, कर्ज, जागरण यांनीही मन असंच हळवं होतं. मालक थकतो. दारू प्यायली, तर मालकच झोपी जातो. मग घरात शिवी निघते, हात उठतो.

मग करावं काय? राग आला की जागा सोडा. श्वास सावकाश सोडा. मालकाला यायला वेळ द्या. रात्री पुरेशी झोप घ्या. मनातलं जवळच्या माणसाशी बोला. दोन आठवडे झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, असं झालं तर मुखेडच्या सरकारी दवाखान्यात जा. जीव नकोसा वाटला, तर एक दिवसही थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारी फोन २०२२ साली सुरू झाला. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

ताप आला तर आपण लपवतो का? मग मन आजारी पडलं, तर लाज कशाची?