जाळ्यावरून जागा होणारा संगणक



विषयाचे नाव पत्रिकेत वाचूनही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. माझा विषय रुक्ष आहे. पण त्यात माझ्या हातून घडलेला एक अपराध आहे, आणि तो सांगितल्यावाचून मी खाली बसणार नाही.

संगणकाचे बटण आपण दाबतो आणि पडद्यावर चित्र येते. मधल्या अर्ध्या मिनिटात काय घडते? संगणकाला काहीही करावयाचे तर त्याच्या स्मृतीत आज्ञावली हवी. ती चकतीवरून स्मृतीत आणावयाची, तर आणण्याची आज्ञावली आधीच स्मृतीत हवी! आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून आपणच स्वतःला उचलावे, तसा हा पेच; म्हणून इंग्रजीत या क्रियेला 'बूट' हे नाव पडले. आपल्याकडे हे नाव ठेवले गेले असते तर बहुधा शेंडीवरून ठेवले गेले असते. सुटका अशी, की यंत्रातल्या एका चिपेत थोडी आज्ञावली कायमची साठवलेली असते. तिला फारसे काही येत नाही. चकतीवरचा 'बूटलोडर' शोधून त्याच्या हाती कारभार सोपवणे, एवढे येते.

पण चकती कोरी असेल, किंवा मुळी नसेलच, तर? अशा वेळी यंत्र शेजारपाजारी हाक मारते. त्याच्याजवळ स्वतःचा पत्ता नसतो, तेव्हा ते शून्य-शून्य-शून्य-शून्य या पत्त्यावरून अवघ्या जाळ्याला उद्देशून विचारते : 'मी अमुक कार्डाचा, मला कोणी पत्ता देईल काय? आणि मी काय वाचून जागा होऊ?' कार्डाचा अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक, ही त्याची जन्मापासूनची एकच ओळख. या प्रश्नोत्तरांची रीत 'बूटपी' या नावाने १९८५ साली लिहिली गेली. १९९३ साली तिच्यावरून 'डीएचसीपी' ही रीत तयार झाली. १९९९ च्या सुमारास इंटेल कंपनीने 'पीएक्सई' या नावाखाली तिला नीट बसवून दिले. लोक त्याचा उच्चार 'पिक्सी' असा करतात, म्हणजे परीकथेतली चिमुकली परी. तंत्रज्ञांनाही कधी कधी विनोद सुचतो.

उत्तर देणारा सर्व्हर यंत्राला पत्ता देतो, आणि अमुक ठिकाणाहून अमुक फाइल घे, असे सांगतो. ती फाइल 'टीएफटीपी' नावाच्या रीतीने येते. या नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'क्षुल्लक' असा आहे. पाचशे बारा बाइटांचा एक घास द्यावयाचा, पोचल्याची पावती घ्यावयाची, मग दुसरा घास. यात नाव विचारणे नाही, गुप्त शब्द नाही. चिपेतल्या एवढ्याशा जागेत बसले पाहिजे, म्हणून सगळे जड सामान गाळलेले.

आता मी ज्यात चुकलो ती पायरी सांगतो. आलेला बूटलोडर, समजा 'पीएक्सई-लिनक्स', सर्व्हरवर आपल्या नावाची चिठ्ठी शोधतो. आधी यंत्राच्या कार्डाच्या क्रमांकाची. ती नसेल तर आपल्या पत्त्याची, सोळाच्या पाढ्यात लिहिलेली : १९२.०.२.९१ हा पत्ता असेल तर 'सी००००२५बी'. तीही नसेल तर शेवटचे अक्षर गाळून, मग आणखी एक गाळून, अशी ती शोधीत जातो. काहीच सापडले नाही, तर 'डिफॉल्ट' नावाची चिठ्ठी. म्हणजे ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी ठेवलेली.

एका तालुक्याच्या गावी एका शाळेत चोवीस जुने संगणक मला नव्याने मांडून द्यावयाचे होते. एकेकापाशी बसून हे काम करावयाचे तर दोन दिवस गेले असते. मी सर्व्हर मांडला, 'डिफॉल्ट' चिठ्ठीत 'चकती पुसून नवी व्यवस्था बसव' असे लिहिले, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच भरून ठेवली, म्हणजे कोणाला काही विचारावयास नको. रविवारी दुपारी चोवीस यंत्रे एका वेळी जागी झाली. मुले टाळ्या वाजवीत होती आणि मीही मनातल्या मनात वाजवीत होतो. सर्व्हर तसाच चालू ठेवून मी घरी आलो.

सोमवारी सकाळी शाळेच्या कारकून बाईंनी आपला संगणक सुरू केला. तो त्याच तारेवर होता, आणि पूर्वी कोणीतरी त्याला 'आधी जाळ्यावर विचार, मग चकती पाहा' असे शिकवून ठेवले होते. आजवर जाळ्यावर उत्तर देणारे कोणी नव्हते, म्हणून तो निमूटपणे चकतीकडे वळत असे. त्या दिवशी उत्तर मिळाले. त्याच्या नावाची चिठ्ठी नव्हती, 'डिफॉल्ट' होती. दहा वाजेपर्यंत वर्षाच्या फीचा सारा हिशेब गेला होता.

यंत्राचा यात काडीमात्र दोष नव्हता. विचारले त्याचे उत्तर मिळाले, ते त्याने खरे मानले. त्या अवस्थेत त्याला दुसरे काही करता येतही नाही. नव्या यंत्रांत आज्ञावलीवरची सही तपासण्याची सोय आहे, आणि ती जरूर असावी; पण माझी व्यवस्था सहीची, अधिकृतच होती. तिने पुसलेली चकती तितकीच कोरी झाली असती.

फीच्या पावत्यांची पुस्तके कपाटात होती. मी आणि बाई शेजारी बसून त्यांवरून हिशेब पुन्हा भरीत होतो. अकरा दिवस लागले. बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि तेच अधिक लागले. मग मी 'डिफॉल्ट' चिठ्ठीत 'लोकलबूट' एवढीच आज्ञा ठेवली, म्हणजे आपल्या चकतीवरून सुरू हो. पुसण्याची चिठ्ठी कार्डाचा क्रमांक घालून एकेकाच्या नावाने लिहू लागलो, आणि काम झाले की ती काढून टाकू लागलो.

हे सगळे बाईंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अजूनही संध्याकाळी घरी निघताना त्या आपल्या संगणकाची जाळ्याची तार काढून खणात ठेवतात, आणि सकाळी पडद्यावर हिशेब दिसला की मगच जोडतात.