दुबळ्या हातास काम द्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आज येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, हे सर्वथा उचित झाले. परंतु ज्यांची नावे अशा कोणत्याच यादीत येत नाहीत, ज्यांना समारंभास आणताना आईबापांनाही संकोच वाटतो, अशा काही मुलांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. बालवयातील अर्धांगवायूने ज्यांचा एक हात दुबळा झाला आहे, ती ही मुले होत.

मेंदूच्या एका अर्ध्या भागाची सत्ता शरीराच्या विरुद्ध बाजूवर चालते. गर्भावस्थेत किंवा जन्माच्या सुमारास त्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला, अथवा तेथे रक्तस्राव झाला, म्हणजे विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे व ताठर होतात. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे घडत नाही. बहुतेक प्रसंगी हा विकार आनुवंशिकही नसतो. असे असता, बहिणीचे लग्न जमणार नाही या भीतीने अशा मुलास पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवणे, हा त्याच्यावर आणि त्याच्या आईवर केवढा अन्याय आहे!

या विकाराचे एक चिन्ह प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे. वर्षाच्या आतले बाळ नेहमी एकाच हाताने खेळणे घेत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच ठेवीत असेल, तर ‘आमचा बाळ डावखुरा’ असे कौतुक करीत बसू नये. त्या वयात निरोगी मूल सामान्यतः दोन्ही हात सारखेच वापरते. सबब, अशा बाळास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. मज्जामार्गांची घडण या कोवळ्या वयात वेगाने होत असते. जे मार्ग वापरात राहतात ते बळावतात आणि न वापरलेले मागे पडतात.

आता उपचारांकडे वळू. अमेरिकेतील एडवर्ड टॉब या संशोधकास माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की, एका हाताची संवेदना नष्ट केली असता माकड तो हात वापरणेच सोडून देते; मात्र चांगला हात बांधून ठेवला, तर तेच माकड त्या हाताने काम करू लागते. हात हलू शकतो, परंतु न वापरण्याची सवय जडलेली असते. या तत्त्वावर प्रथम प्रौढ रुग्णांवर व पुढे मुलांवर उपचार झाले. त्यांत चांगला हात काही काळ आवरून धरतात आणि खेळाच्या रूपाने दुबळ्या हाताकडून काम करून घेतात. २००४ साली टॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उपचार मिळालेल्या मुलांकडून रोज ६ तास, सलग २१ दिवस असा सराव करून घेतला होता, आणि त्यांच्या हातात स्पष्ट सुधारणा दिसली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू गॉर्डन यांनी मात्र वेगळा विचार मांडला. सदरा घालणे, डब्याचे झाकण उघडणे ही कामे दोन्ही हातांची. तेव्हा सरावही दोन्ही हातांचा का नसावा? २०११ साली त्यांनी ४२ मुलांवर दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक मुलास १५ दिवसांत ९० तास सराव देण्यात आला होता. दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखीच झाली. परंतु ठरवून घेतलेली नित्याची कामे साधण्यात दोन हातांच्या सरावाचा गट पुढे राहिला.

यावरून बोध असा की, पद्धती कोणतीही असो, मुलाने स्वतः, हेतुपूर्वक आणि पुष्कळ वेळ काम केले पाहिजे. केवळ तेल चोळून वा दुसऱ्याने हात हलवून हाताची कर्तबगारी वाढत नाही. ताठरपणा कमी करणारी इंजेक्शनेही सरावाच्या जोडीनेच उपयोगी पडतात. तथापि चांगला हात बांधण्याचा प्रयोग घरच्या घरी कोणी करू नये. तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा. तसेच दुबळा हात सबळ हाताच्या तोडीचा होईल, अशी आशा दाखविणे प्रामाणिकपणाचे नाही. तो चांगला मदतनीस होऊ शकतो, आणि एवढ्यानेही मुलाचे पुष्कळ परावलंबन टळते.

या कामी घराचा वाटा मोठा आहे. मायेपोटी आपण मुलाची बटणे लावतो, त्याला घास भरवितो, आणि तेवढ्यापुरती त्याच्या हाताची संधी हिरावून घेतो. त्यास मटार सोलू द्यावेत, दोन्ही हातांनी लाटणे धरू द्यावे. आरतीच्या वेळी त्यास कोपऱ्यात न बसविता त्याच्या हाती झांजा द्याव्यात. त्या एका हाताने वाजतच नाहीत. उजवा हात दुबळा असलेल्या मुलास ‘प्रसाद उजव्या हातानेच घे’ असे चारचौघांत दटावू नये. ‘ओंजळ कर’ असे म्हणावे. उशीर होईल, सांडलवंड होईल, ती सोसावी.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमान्वये शीघ्र निदान व उपचारांची जिल्हा केंद्रे स्थापन झाली आहेत. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश असून, ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मंडळास आमची विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, उपचारासाठी परगावी पंधरा दिवस राहावे लागणाऱ्या कुटुंबाच्या निवासाची व प्रवासखर्चाची सोय विद्यार्थी साहाय्य निधीतून व्हावी. दुसरी गोष्ट पैशाची नाही. विवाह जुळविताना ‘घरात असे मूल आहे’ या कारणास्तव कोणाचेही स्थळ नाकारू नये, असे आपण सर्वांनी ठरवावे. ती भीती गेली, म्हणजे ही मुले वेळीच डॉक्टरांपुढे येतील, आणि पुढल्या संमेलनास आपल्या आईबापांबरोबर येथे पंक्तीत बसतील.