अर्भकाचे पहिले सोबती

मनुष्य जगांत एकटा येतो, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हें एकटेपण किती अल्पकाळ टिकतें, हें थिओडोर एशेरिश या जर्मन बालरोगवैद्यानें इ. स. १८८५ मध्यें दाखवून दिलें. नवजात बालकाच्या पहिल्या मलांत त्यास जंतु आढळले नाहींत. पण जन्मास एक दिवस लोटतो न लोटतो तोंच ते तेथें वस्तीस आलेले दिसले.

पुढें १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत आंरी टिसिए यांस अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या मलांत दुफांटी आकाराचे जंतु विपुल आढळले. त्यांसच आज बिफिडोबॅक्टेरिया म्हणतात. मातेच्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं, त्या बाळाला स्वतःला पचवितां येत नाहींत. मग मातेच्या देहानें त्या निर्माण करण्याचे कष्ट कां घ्यावे? तर त्या मुख्यतः या जंतूंचें अन्न आहेत. माता बाळाबरोबर त्याच्या पाहुण्यांचेंही पान वाढते!

हा पाहुणचार व्यर्थ जात नाहीं. आंतड्याच्या भिंतींत शरीराच्या रक्षक पेशींचा पहारा असतो. शत्रु कोण आणि शेजारी कोण, हें त्यांस शिकावें लागतें, व तो धडा हे जंतूच देतात. धडा अपुरा राहिला तर पहारेकरी निरुपद्रवी शेजाऱ्यावरही शस्त्र उपसण्याचा संभव असतो, आणि त्या झटापटींत आंतड्याचेंच अस्तर सोलून निघतें. १९३२ सालीं न्यूयॉर्क येथें क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्णिलेला विकार आणि मोठ्या आंतड्याचा व्रणयुक्त दाह हे याच जातीचे रोग होत. पोटशूळ, रक्तमिश्रित अतिसार व मुलांची खुंटलेली वाढ हीं त्यांचीं लक्षणें.

या शिक्षणास वयाची मर्यादा आहे काय? २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत जंतुरहित वातावरणांत वाढविलेल्या उंदरांस आंतड्याचा दाह अधिक तीव्र झाला. जन्मतःच जंतूंचा सहवास घडविलेलीं पिलें बचावलीं. मोठेपणीं घडविलेल्या सहवासाचा तसा उपयोग झाला नाहीं. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें खरें. तथापि कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांत २०१० सालच्या पाहणींत, हा रोग जडलेल्या ३६ मुलांपैकीं शेंकडा ५८ जणांस पहिल्या वर्षांत अँटिबायोटिक औषध मिळालेलें होतें. निरोगी मुलांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. यावरून औषधानेंच रोग झाला, असें सिद्ध होत नाहीं. आनुवंशिकता, आहार इत्यादि कारणेंही त्यांत गुंतलेलीं असतात.

म्हणून न्युमोनियानें तळमळणाऱ्या बाळास भीतीपोटीं औषध नाकारणें हा मूर्खपणा होय. तेथें तें प्राण वाचवितें. पण साध्या पडशावर तें निरुपयोगी असतें, आणि फडताळांतील उरलेली बाटली आपल्याच विचारानें पाजणें तर सर्वथा अनुचित. ज्या मातेला दूध आलें नाहीं, किंवा जिच्या बाळाला औषध द्यावेंच लागलें, तिनें स्वतःस दोष देऊं नये. अशीं बहुसंख्य बालकें या रोगावांचूनच वाढतात. वडीलधाऱ्यांनींही तिला बोल न लावतां, पुढील वेळीं औषध मागण्यापूर्वीं वैद्यास एवढेंच विचारावें: "याची खरोखर गरज आहे काय?"