चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध
(विद्यार्थी निबंधस्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगीचे भाषण)



'कायदा आणि सामाजिक न्याय' हा या निबंधस्पर्धेचा विषय. अशा विषयावर लेखणी उचलली की विद्यार्थी बहुधा राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेपासून आरंभ करतात, दोन-चार अनुच्छेद उद्धृत करतात आणि समतेच्या गौरवाने समारोप करतात. गुण मिळतातही. परंतु मराठीत एका विद्यार्थिनीने याच प्रश्नावर निबंध लिहिला, तेव्हा उद्धृत करण्याजोगा एकही अनुच्छेद अस्तित्वात नव्हता.

ती मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'ने १८५५ साली, १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला.

त्यास साक्षीदाराची जबानीच म्हणावे. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे शिर मारून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे टोलवीत, असे ती लिहिते. मांगाने वाचणे हाच अपराध कसा ठरे, तेही सांगते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, हे सांगताना तिची लेखणी अडखळत नाही. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल कोणत्याही वकिलाने हेवा करावा असा आहे. महारांनीही मांगांना हीन लेखावे, याची खंतही ती झाकून ठेवीत नाही. आपल्या बाजूचे वैगुण्य नोंदविण्याचे हे धैर्य मोठ्या माणसांतही दुर्मीळच.

राज्यघटनेने १९५० मध्ये सतराव्या अनुच्छेदान्वये अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणाऱ्यास शिक्षा सांगणारा अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम मात्र १९५५ साली आला, त्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी! त्याची कलमे चाळली तर देऊळ, पाणवठा, दुकान, उपाहारगृह, इस्पितळ, शाळा, स्मशान अशी एकेक जागा नाव घेऊन आलेली दिसते. 'सर्वांस समानतेने वागवावे' एवढ्याने न्यायालयाचे भागत नाही. कोणाला, कोठे, कोणी अडविले हे तेथे सांगावे लागते. मुक्ताने नेमके तेच सांगितले होते. १९७६ मध्ये हा अधिनियम सुधारून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला. यादी लांबत गेली, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

तेव्हा स्पर्धकांनी अनुच्छेद अवश्य वाचावेत. पण आपल्या गल्लीत, वर्गात, पंगतीत जे डोळ्यांनी पाहिले तेही लिहावे. तेथे एखादी वेलांटी चुकली तर परीक्षकांनी ती सोसावी.

शाळेच्या परीक्षेच्या वेळी खाऊ देऊ केला असता मुक्ताने त्याऐवजी ग्रंथालय मागितले, अशी आठवण सांगितली जाते. स्पर्धेच्या मुदतीत येथील संदर्भ विभाग स्पर्धकांसाठी विनाशुल्क खुला राहील. कपाटाच्या किल्ल्या मागण्यास कोणीही संकोचू नये.