दूरच्या गांवची जुनी खरेदी

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशीं तिकोणा पेठ हें आमचें गांव. एवढ्याशा गांवाला लाउडस्पीकर कशाला, असें आपण विचाराल. पण मावळांतला पाऊस देवळाच्या पत्र्यावर कोसळूं लागला म्हणजे कीर्तनकाराचे शब्द तिसऱ्या ओळींतहि पोंचत नाहींत. म्हणून भजनी मंडळानें वर्गणी काढली, आणि खरेदीचें काम निवृत्त मास्तर म्हणून माझ्या गळ्यांत पडलें.

नवा माल परवडेना. जुना मात्र विपुल! गणेशोत्सव व लग्नसराई आटोपली कीं भाड्यानें लाउडस्पीकर देणारे लोक जुन्या पेट्या काढून टाकतात. पुण्याच्या जुन्या बाजारांत जाऊन त्या कानानें पारखून घेतां आल्या असत्या. परंतु मीं स्वस्ताईला भुललों आणि कोल्हापूरकडील एका व्यापाऱ्याशीं टेलिफोनवरच सौदा ठरविला. त्यानें एक अभंग वाजवून दाखविला. आवाज स्वच्छ वाटला. साध्या टेलिफोनवरून सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांचाच नाद येतो, पखवाजाची घुमक त्यांत सांपडत नाहीं, हें मला नंतर उमगलें.

चाळीस-चाळीस किलोंच्या दोन पेट्या ट्रकनें कामशेतपर्यंत व तेथून टेंपोनें गांवीं आल्या. एकींतून पखवाजाबरोबर खरखर निघूं लागली. कारण असें कीं, लाउडस्पीकरची कॉइल लोहचुंबकाच्या अगदीं अरुंद फटींत हालत असते. पेटी आपटली तर जड चुंबक केसभर सरकतो व कॉइल त्याला घांसते. व्यापारी म्हणाला, वाहतुकींत बिघडलें. वाहतूकवाला म्हणाला, बांधणी कच्ची. पावतीवर तर छापलेंच होतें: 'माल मालकाच्या जोखमीवर'. भाडें, हमाली व पुण्याची दुरुस्ती धरतां नव्या मालापेक्षां आमचे आठशे रुपयेच वांचले.

म्हणून सांगतों. शक्य तर स्वतः जाऊन ऐका. कागदी पडदा बोटांनीं सर्व बाजूंनीं सारखा, हलकेच दाबून पाहा. घांसण्याचा आवाज आला तर घेऊं नका. आठ ओमच्या लाउडस्पीकरची कॉइल मीटरवर सुमारें सहा ओम दाखविते. कांटा हाललाच नाहीं तर ती तुटलेली समजा. आणि लाउडस्पीकर पेटींतून सोडवून, निराळ्या खोक्यांत गवत-गोणपाट घालून पाठवावयास सांगा. भाडें ठरविल्यावांचून किंमत ठरवूं नका.

दोन वर्षांनीं मंडळानें लहान पेट्या घेतल्या व जुन्या विकण्याचें ठरलें. रत्नागिरीकडील एका गृहस्थांनीं चौकशी केली. मंडळी म्हणाली, "मास्तर, दुरुस्तीचें कशाला सांगतां? तिकडून कोण पाहावयास येतो?" हेंच वाक्य माझ्या व्यापाऱ्यानेंहि मनांत म्हटलें असेल! मीं पत्रांत दुरुस्ती प्रथम लिहिली, मग किंमत. त्यांनीं सहाशें रुपये कमी केले. वर्गणीचा पैसा कमी होऊं नये म्हणून ते मीं पेन्शनींतून भरले. मंडळांतील दोघे अजूनहि मला भोळा म्हणतात.

म्हणोत बापडे! पेट्या सुखरूप पोंचल्यावर त्या गृहस्थांनीं आपल्या देवळांतून टेलिफोन केला. पलीकडे आरती चालली होती. पखवाज अर्थातच ऐकूं आला नाहीं. पण "मास्तर, आपण लिहिलें होतें तसाच माल आहे," हे त्यांचे शब्द मात्र स्पष्ट ऐकूं आले.