गृहीतके आधी स्वतःला लावू या

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील सेवकांच्या प्रशिक्षण मेळाव्यात दिलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे एनएलपी, आणि त्याची मूलभूत गृहीतके. नाव अवघड वाटेल, पण नांदेड आणि लातूर ही शिकवणी वर्गांची शहरे आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आणि प्रेरणादायी व्याख्यानांतून यातली वाक्ये आपल्या कानांवर पडतच असतात. 'सगळी ताकद तुझ्या आतच आहे', 'अपयश असे काही नसतेच', ही ती वाक्ये. आपले काही तरुण सेवकही ती वस्तीवर बोलू लागले आहेत. म्हणून ती कुठून आली, त्यांत घेण्यासारखे काय आणि सांभाळून राहायचे कुठे, एवढे आज पाहू या.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठात 1970 नंतरच्या दशकात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे अध्यापक एकत्र आले. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटायर आणि मिल्टन एरिक्सन हे त्या काळचे नावाजलेले मानसोपचार करणारे लोक. त्यांच्याशी बोलल्यावर माणसात बदल होतो, तर ते नेमके बोलतात कसे, हे या दोघांनी बारकाईने पाहिले. त्यातून 1975 मध्ये 'द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक' हे पुस्तक निघाले आणि पुढे एनएलपी उभे राहिले.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. एनएलपी हे सिद्ध झालेले शास्त्र नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने 1988 च्या अहवालात त्याच्या परिणामकारकतेला पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या एका नियतकालिकात 2012 मध्ये आलेल्या आढाव्यातही आरोग्यावरील उपयोगाबाबत फारसा पुरावा सापडला नाही. डोळे कोणत्या बाजूला वळले यावरून माणूस खोटे बोलतो की खरे, हा दावाही तपासात टिकला नाही. तेव्हा याला उपचार समजू नका आणि चमत्कारही समजू नका.

मग गृहीतके कशाला शिकायची? एनएलपी शिकवणारेच सांगतात की ही गृहीतके सत्य म्हणून मांडलेली नाहीत. ती खरी आहेत असे धरून वागून पाहायचे. शाळेत गणित सोडवताना आपण 'क्ष मानू' म्हणायचो, तसेच. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ही गृहीतके सेवकाने स्वतःला लावली तर त्याला नम्र करतात. गरिबाला लावली तर त्याच्याच माथी दोष मारतात.

पहिले गृहीतक असे: नकाशा म्हणजे प्रत्यक्ष भूमी नव्हे. हा विचार मूळचा आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचा, 1930 नंतरच्या दशकातला. प्रत्येकाच्या मनात जगाचा एक नकाशा असतो आणि माणूस त्या नकाशाप्रमाणे चालतो. लातूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे पक्की झाली, जगभरातून मदत आली, आणि त्या मदतीबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण अनेक नव्या गावांची आखणी शहरातल्या कॉलनीसारखी झाली. सरळ रस्ते, सारख्या रांगा, सारखे प्लॉट. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, भावकी शेजारी राहणार की गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेत किती लांब पडणार, हे प्रश्न त्या कागदावर नव्हते. काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण नकाशा त्यांचा होता आणि राहायचे होते दुसऱ्यांना.

त्याच पुनर्वसनात दुसरी वाटही निघाली. जी गावे हलवली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे ठरले. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील बायका 'संवाद सहाय्यक' झाल्या. इंजिनियरचे म्हणणे गावाला सांगायचे आणि गावाचे म्हणणे इंजिनियरला सांगायचे, हे त्यांचे काम. तिथे दोन नकाशे शेजारी ठेवले गेले. आपल्या प्रत्येक वस्तीवर अशी एक तरी बाई किंवा माणूस हवा, जो आपल्यालाही समजावून सांगेल.

दुसरे गृहीतक असे की, आपल्या बोलण्याचा अर्थ समोरून येणाऱ्या प्रतिसादात असतो. मी काय बोललो याला महत्त्व कमी. ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचले ते खरे. किनवट-माहूर भागात आंध, गोंड, कोलाम, परधान हे समाज राहतात. त्यांपैकी कोलाम हे महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत मोडतात. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. म्हणजे नात्याने त्या तेलुगूला जवळ आणि मराठीला लांब. आता समजा, कोलामपोडावरच्या एखाद्या तरुण आईला आपण मराठीत दहा मिनिटे आहाराविषयी सांगितले आणि तिने मान डोलावून 'हो' म्हटले. तो 'हो' कळल्याचा असेल, पाहुण्याचा मान राखण्याचा असेल, किंवा 'आता जा' असाही असेल. आपण वहीत लिहितो, 'मार्गदर्शन केले.' उपाय साधा आहे. 'बाई, घरी सासूबाईंना हे कसं सांगशील?' असे विचारा. तिच्या तोंडून जे येईल तेवढेच पोहोचले. बाकीचे अजून आपल्याकडेच आहे. तेव्हा 'या लोकांना कळत नाही' हे वाक्य आपल्या अहवालांतून काढून टाकू या. 'मला अजून सांगता आले नाही' असे लिहू या.

तिसरे गृहीतक थोडे अवघड आहे. प्रत्येक वागण्यामागे त्या माणसाच्या दृष्टीने काहीतरी चांगला हेतू असतो. बाळाला लस द्यायला आई येत नाही. आपण म्हणतो, अंधश्रद्धा. तिला विचारले तर कदाचित कळेल की मागच्या वेळी लसीनंतर बाळाला ताप आला, रात्र जागून गेली आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडली. ती बाळाला आणि घरच्या चुलीला जपते आहे. हे कळले की बोलणे बदलते. ताप येऊ शकतो हे आधीच सांगता येते, आशाताईंना दुसऱ्या दिवशी घरी डोकावायला सांगता येते. मार्च-एप्रिलमध्ये शाळेतली पोरे गळतात तेव्हा मोहफुले वेचायची असतात, पुढे तेंदूपत्ता असतो. तो घरातला रोख पैशाचा हंगाम आहे. पालकांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणण्याआधी हे हिशेब विचारायला हवेत.

पण हेतू समजला म्हणून कृती मान्य झाली असे नाही. ऊसतोडीला जाणारे आईबाप पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न लावतात. तिला मागे एकटी ठेवायची भीती असते, फडात नेली तरी भीती असते, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक कोयता. भीती खरी आहे, तरीही बालविवाह हा गुन्हा आहे आणि त्या मुलीवर अन्याय आहे. हेतू समजून घेण्याचा उपयोग असा की आपण नुसता उपदेश करत नाही. तिच्या राहण्याची सोय शोधतो. हंगामी वसतिगृह आहे का, आजीपाशी ठेवता येईल का, मंडळीतील एखादे कुटुंब लक्ष ठेवेल का? आणि लग्न ठरलेच असेल तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करायला कचरायचे नाही. हेच दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याबद्दल. त्याचे दुःख ऐकू, पण आधी बायकोला सुरक्षित करू.

आता उरलेली दोन गृहीतके. इथे मला तुम्हाला सावध करायचे आहे.

चौथे असे: माणसाला लागणारी सगळी साधने त्याच्या आतच असतात. यात अर्धे खरे आहे. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे असे आपण मानतो, म्हणून कोणतीही वस्ती आपल्याला रिकामी दिसू नये. रानातली कोणती भाजी कधी खायची, कोणते पाणी उन्हाळ्यात टिकते, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे तिथल्या बायकांना माहीत असते. आपण जाण्याआधीही ती माणसे एकमेकांना सांभाळत होती.

पण रेशन कार्ड माणसाच्या आत नसते. जातीचा दाखला आत नसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेला दावा अडकला असेल तर तो मनाची शक्ती वाढवून सुटत नाही. त्याला पुरावे लागतात, ग्रामसभेचा ठराव लागतो, कचेरीत खेटे घालणारा सोबती लागतो. मुकादमाची उचल सकारात्मक विचाराने फिटत नाही. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला 'तुझ्यातच सगळे आहे' असे सांगणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे. आणि ख्रिस्ती म्हणून आपली शिकवणही तशी नाही. माणूस स्वतःला पुरेसा असता तर कृपेची गरज कोणाला होती, आणि मंडळी तरी कशासाठी होती?

पाचवे असे की, अपयश नसते, असतो तो फक्त प्रतिसाद. आपल्या कामाला हे लावा, फार उपयोगी आहे. सभेला चारच बाया आल्या, शिवणवर्ग बंद पडला, तर लोकांना नावे न ठेवता विचारा: वेळ चुकली का, जागा चुकली का, हे काम त्यांना हवे होते का? एक मार्ग चालला नाही तर दुसरा घ्या.

पण आश्रमशाळेतून आलेला, लातुरात खोली करून नीटची तयारी करणारा मुलगा समोर बसला आहे, असे डोळ्यांपुढे आणा. बापाने उचल घेऊन फी भरली आहे. दुसऱ्यांदा गुण कमी पडले. त्याला 'अपयश नसतेच, तू विचार बदल' असे सांगितले, तर तो एवढेच ऐकतो की विचारही माझेच चुकले. अभ्यासाची भाषा बदलली, शाळेत पुरेसे शिकवले गेले नाही, डोक्यावर कर्जाचे ओझे आहे, हे सगळे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येते. त्याच्याजवळ आधी बसा. त्याला रडू द्या. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. हा क्रमांक आज प्रत्येकाने फोनमध्ये साठवून घ्यावा.

ईयोबाचे मित्र आठवा. ते सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांची सेवा चांगली चालली होती. बोलायला लागले आणि ईयोबाच्या दुःखाचे कारण ईयोबातच शोधू लागले. शेवटी देवाने ठपका त्या मित्रांवर ठेवला. आता बार्तीमयाची गोष्ट घ्या. तो आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होते, तरी येशूने त्याला काय हवे ते आधी विचारले. ज्याला सगळे ठाऊक होते त्याने विचारले, आणि आपण न विचारता शिलाई मशिन वाटत सुटतो.

या मेळाव्यात आलेल्या, आणि हे भाषण पुढे त्रैमासिकात वाचणाऱ्या देणगीदार बंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. आमचे अहवाल वाचताना 'किती लोकांना शिकवले?' एवढेच विचारू नका. 'लोक काय म्हणाले, आणि त्यावरून तुम्ही काय बदलले?' हेही विचारा. हा प्रश्न तुमच्याकडून नियमित आला, तर आम्हा सेवकांना वस्तीवर जाऊन कान उघडे ठेवणे भागच पडेल.

सेवकांनी पुढच्या तीन महिन्यांत तीनच गोष्टी कराव्यात. प्रत्येक भेटीत सांगण्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. जिथे कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, तिथे निदान ख्यालीखुशाली विचारण्यापुरते शब्द शिका. आणि प्रत्येक वस्तीवरचे अडकलेले एक काम, दाखला असो, रेशन कार्ड असो वा वनहक्काचा दावा असो, हाती घेऊन कचेरीपर्यंत सोबत जा.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो.