छातीच्या डॉक्टरांचे तंजावरात स्वागत

महाराष्ट्रातून आलेले छातीविकारतज्ज्ञ आणि मागच्या रांगेत बसलेले रेसिडेंट डॉक्टरहो,

तंजावरच्या मराठी मंडळींच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. आमची मराठी व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात इथे आली. जरा जुन्या वळणाची वाटली तर चालवून घ्या. दुपारी सांबार आहे. ते इथल्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले, असे आम्ही छाती ठोकून सांगतो. पुरावा मात्र मागू नका.

पण पुरावा मागणे हेच तर तुमचे काम! त्या कामाला हे गाव नवखे नाही. दुसरे सरफोजीराजे (1798 ते 1832) यांच्या धन्वंतरी महालात औषधे पारखली जात. नेत्ररुग्णांची चित्रांसह केलेली टिपणे आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

आपल्या शाखेतला मोठा पुरावाही याच प्रांतातला. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1959 साली 193 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना दाटीवाटीच्या घरीच वर्षभर औषधे दिली. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच सुधारले, घरातल्यांना लागणही जास्त झाली नाही. सॅनेटोरियमचा जमाना तिथून ओसरू लागला. हवापालटावर हयात घालवलेल्या डॉक्टरांना ते पचायला जडच गेले असेल.

आमच्या उमेदवारीत विभागाच्या दारावर ‘टीबी अँड चेस्ट’ अशी पाटी असे, आणि हुशार मुले तिकडे फिरकत नसत. आता एम.डी.ची तीन वर्षे, वर डी.एम.ची तीन, ब्रॉन्कोस्कोपी, आयसीयू, स्लीप लॅब. उत्तमच आहे. तरीही प्राध्यापकाची पारख मला राउंडलाच होते. रुग्णाला कोरडा खोकला, चढताना धाप, पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला की श्वास घेताना वेल्क्रो उचकटल्यासारखी करकर. सीटी स्कॅन लिहून देण्याआधी चांगला मास्तर, श्वासातून काय आत जात आले ते शोधायला, खुर्ची ओढून बसतो. मुंबईचा असेल तर विचारतो, खिडकीत कबुतरे बसतात का? आमच्या कावेरीकाठचा विचारतो, भाताच्या गिरणीत किती वर्षे काढली? चुलीत काय जाळता? आणि उत्तर रेसिडेंटकडून केसपेपरवर लिहून घेतो. त्या चार ओळींतूनच पुढे शोधनिबंध निघतात.

म्हणून पहिले सत्र रेसिडेंटांच्या केसेसचे ठेवले आहे. ज्येष्ठांची व्याख्याने जेवणानंतर. कुणाला डुलकी लागलीच, तर स्लीप लॅबवाले सभागृहात आहेतच.